वीजबचतीचा पैसा कायद्यातच कुलूपबंद करा

अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या विधिमंडळात क्लीन एनर्जीचा कायदा पास झाला की पहिली बातमी आकड्याची येते, इतके कोटी डॉलर मंजूर, इतक्या हजार नोकऱ्या, इतके मेगावॉट, आणि चार दिवसांनी विषय संपतो. मला वाटतं त्या कायद्यात सगळ्यात कमी बघण्यासारखं काही असेल तर तो आकडा. बघायचं हे की पैसा कुणाच्या ताब्यात राहणार आहे, दोन वर्षांनी बजेटमध्ये तूट आली तर तो कोण उचलू शकतं, आणि त्यातला किती भाग वीज बनवण्याऐवजी वीज वाचवण्यावर जाणार आहे. अमेरिकेतल्या राज्यांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे सगळे प्रयोग करून झालेत, चांगलेही आणि वाईटही, आणि त्यातून एक गोष्ट इतकी स्पष्ट दिसते की ती अजून प्रत्येक नव्या कायद्यात का लिहिली जात नाही हेच कळत नाही.

हा विषय आत्ताच का, तर वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारने हात काढून घेतलाय. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने घरावर सोलर बसवणाऱ्याला मिळणारी ३० टक्के टॅक्स क्रेडिट (खर्चाचा तेवढा भाग टॅक्समधून वजा) ३१ डिसेंबर २०२५ ला संपवली, आणि घरात इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), नव्या खिडक्या, हीट पंप (विजेवर घर गरम-गार करणारं यंत्र) असं काही केलं तर जी वेगळी क्रेडिट मिळायची तीही त्याच दिवशी संपली. म्हणजे सामान्य माणसाने घराचा वीजखर्च कमी करायचा म्हटलं तर त्याच्या मागे आता उभं राहणार कोण, तर राज्य. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत राज्याराज्यांत असे कायदे येतील, जुन्या कायद्यांत दुरुस्त्या येतील, आणि त्या नीट लिहिल्या गेल्या नाहीत तर जे आधी झालं तेच परत होईल.

राज्य हा पैसा आणतं कुठून? बहुतेक ठिकाणी विजेच्या बिलातून. प्रत्येक युनिटमागे एक छोटासा चार्ज लावतात, बिलावर तो कुठेतरी खालच्या ओळीत असतो, बहुतेक लोक वाचतही नाहीत, पण लाखो ग्राहकांचा मिळून मोठा निधी जमतो. ईशान्येकडच्या राज्यांनी २००९ पासून रेजी नावाचा एकत्र कार्यक्रम चालवलाय, त्यात वीज कंपन्यांना कार्बन सोडण्याचे परवाने लिलावात विकत घ्यावे लागतात आणि लिलावाचा पैसा राज्यांना मिळतो. काही राज्यांनी सरळ टॅक्समधून पैसा काढला, काहींनी कर्जाचा फिरता निधी केला. मार्ग वेगवेगळे, पण पैसा शेवटी लोकांचाच, आणि तो एका ठरावीक कामासाठी घेतोय असं सांगून घेतलेला.

आता बचतीचं काम प्रत्यक्षात दिसतं कसं ते सांगतो, कारण सगळी गडबड तिथेच आहे. जुन्या घराची तपासणी करायला माणूस येतो तेव्हा तो पुढच्या दाराच्या चौकटीत एक कापडी पडदा ताणून बसवतो आणि त्यात मोठा पंखा लावतो. पंखा घरातली हवा बाहेर ओढायला लागतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने खाली आणतात, आणि मग जिथे जिथे फट आहे तिथून बाहेरची हवा आत घुसायला लागते. स्विचबोर्डच्या मागून, सिंकखालच्या पाइपच्या भोकातून, माळ्यावर जाणाऱ्या झडपेच्या कडेने. हात धरला की गार झोत लागतो, धुराची नळी धरली की धूर सरळ वाकताना दिसतो. त्या फटी बुजवायच्या, माळ्यावर इन्सुलेशन पसरायचं, परत पंखा लावून आकडा किती उतरला ते बघायचं, काम संपलं. एका दिवसात, फार तर दोन-तीन दिवसांत होणारं काम, आणि त्याचा फायदा पुढची कित्येक वर्षं दर महिन्याच्या बिलात.

पण यात फोटो काढण्यासारखं काही नाही. सोलर पार्कचं उद्घाटन होतं, पवनचक्क्यांसमोर गव्हर्नर उभे राहतात, माळ्यावरच्या इन्सुलेशनची फीत कोण कापणार? लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबने देशभरातल्या वीज कंपन्यांच्या बचत कार्यक्रमांचा हिशोब काढला तेव्हा एक युनिट वाचवायला कार्यक्रमाला साधारण अडीच सेंट खर्च येतो असं दिसलं. इतक्या स्वस्तात वीज देणारा स्रोत फारसा नाही. तरी हे काम दिसत नाही, ज्याला फायदा होतो त्यालाही बिल थोडं कमी आलं एवढंच कळतं, त्यामुळे बजेटला तूट आली की पहिला हात याच पैशावर पडतो आणि ओरडायलाही कुणी नसतं.

विस्कॉन्सिन बघा. १९९९ च्या कायद्याने तिथे फोकस ऑन एनर्जी नावाचा कार्यक्रम सुरू झाला, बिलातून पैसा घ्यायचा, राज्याच्या खात्यात जमा करायचा आणि तिथून बचतीच्या आणि रिन्यूएबलच्या कामांना द्यायचा. चांगला चालला होता. मग राज्याचं बजेट अडचणीत आलं आणि काही वर्षं त्या निधीतले पैसे सरळ सर्वसाधारण खर्चाला वळवले गेले. कनेटिकटने तर हे दोनदा केलं. २००३ मध्ये एकदा, आणि २०१७ च्या बजेटमध्ये परत, शंभर मिलियन डॉलरहून जास्त रक्कम ऊर्जा निधींमधून उचलून राज्याच्या तिजोरीत टाकली, त्यात क्लीन एनर्जीच्या कामांना पैसा पुरवणारी आणि देशभर कौतुक झालेली जी कनेटिकट ग्रीन बँक, तिचाही पैसा होता. ग्राहक आणि ही कामं करणारे छोटे व्यावसायिक मिळून फेडरल कोर्टात गेले, की हा पैसा आमच्या बिलातून विशिष्ट कामासाठी घेतला होता, तो असा कसा काढता येईल. कोर्टात ते हरले. २०२० मध्ये अपील कोर्टानेही राज्याच्याच बाजूने निकाल दिला. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच, आणि कायद्याने कुंपणाला तशी परवानगी होती ही त्यातली खरी वाईट गोष्ट.

न्यू यॉर्कने रेजीच्या लिलावाचा पैसा यायला लागल्यावर लगेचच, २००९ मध्ये, त्यातले ९ कोटी डॉलर तूट भरायला वापरले. न्यू जर्सीत क्लीन एनर्जी फंडातला पैसा वर्षानुवर्षं सरकारी बस आणि रेल्वे चालवणाऱ्या एनजे ट्रान्झिटकडे जात राहिला. लोक म्हणतात की बस-रेल्वेसुद्धा पर्यावरणाचंच काम आहे ना. आहे, नक्कीच आहे, आणि त्याला पैसा मिळालाच पाहिजे, पण मग तो त्या नावाने मागा. ज्या माणसाला सांगितलं की तुझ्या बिलातले हे पैसे घरांची वीज वाचवायला जातायत, त्याला न सांगता ते दुसरीकडे नेले तर पुढच्या वेळी खऱ्या कामासाठी चार्ज वाढवायची वेळ आली की तो कुणाचंच ऐकणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

यावर उपाय नाही असंही नाही, उपाय झालेत आणि टिकलेत. विस्कॉन्सिननेच स्वतःची चूक दुरुस्त केली. २००५ च्या ॲक्ट १४१ ने त्यांनी पैसा राज्याच्या तिजोरीत येऊच द्यायचा नाही असं ठरवलं, वीज कंपन्यांनी आपल्या वार्षिक उत्पन्नाच्या १.२ टक्के रक्कम या कार्यक्रमावर खर्च करायची, सगळ्यांनी मिळून एका बाहेरच्या संस्थेला कंत्राट द्यायचं, आणि राज्याच्या नियामक आयोगाने फक्त देखरेख करायची. पैसा तिजोरीतून फिरतच नाही म्हटल्यावर तो उचलणार कसा? ओरेगनमध्ये १९९९ च्या कायद्याने बिलावर ३ टक्के चार्ज लावला आणि त्यातला मोठा भाग २००२ पासून एनर्जी ट्रस्ट ऑफ ओरेगन या स्वतंत्र नफा-विरहित संस्थेकडे जायला लागला. व्हरमाँटने २००० साली याच्याही पुढे जाऊन वीज विकणारी जशी कंपनी असते तशी वीज वाचवणारी कंपनीच उभी केली, एफिशियन्सी व्हरमाँट, देशातली पहिली, तिचं उत्पन्न बिलावरच्या चार्जमधून येतं आणि तिला किती युनिट वाचवले याचा हिशोब आयोगासमोर द्यावा लागतो.

ओरेगनची गोष्ट अजून एका कारणासाठी महत्त्वाची आहे. त्याच राज्यात, त्याच काळात, उद्योगांसाठी एनर्जी टॅक्स क्रेडिटची योजनाही होती. २००७ मध्ये ती वाढवून रिन्यूएबल प्रोजेक्टच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत नेली. झालं असं की एकच मोठा प्रोजेक्ट कागदावर तुकडे करून अनेक क्रेडिट घेतले गेले, राज्याचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि शेवटी ती योजना गुंडाळावी लागली. एका बाजूला ठरावीक उत्पन्न असलेली, दर वर्षी हिशोब देणारी संस्था आजही चालू आहे, दुसऱ्या बाजूला कितीही खर्च होऊ शकेल अशी उघडी सवलत वाढवल्यावर काही वर्षांतच बुडाली. ध्येय तेच, हेतूही चांगलेच होते, फरक फक्त पैशाला वरून झाकण आणि खालून हिशोब होता की नाही एवढाच.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं फक्त डाव्या विचारांच्या राज्यांचं खूळ आहे त्यांनी टेक्सासकडे बघावं. वीज कंपन्यांनी बचत केलीच पाहिजे असं कायद्याने बंधन घालणारं पहिलं राज्य टेक्सास, १९९९ मध्ये. आणि त्याच्याही दहा वर्षं आधीपासून तिथे लोनस्टार नावाचा फिरता कर्जनिधी आहे, तेलकंपन्यांनी जादा घेतलेल्या किमतींच्या दंडातून राज्याला जो पैसा मिळाला त्यातले ९.८६ कोटी डॉलर त्यात टाकले होते. सरकारी इमारत, शाळा, कॉलेज, हॉस्पिटल यांनी आधी तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायची, दिवे, चिलर, बॉयलर, कंट्रोल बदलायला कर्ज घ्यायचं आणि वाचलेल्या बिलातून हप्ते फेडायचे, फेडलेला पैसा पुढच्या इमारतीला. तीस वर्षांहून जास्त काळ तेच पैसे फिरतायत. मला हा सगळ्या योजनांमधला सगळ्यात प्रामाणिक प्रकार वाटतो, कारण बचत झाली नाही तर हप्ता फेडायला पैसेच राहणार नाहीत, त्यामुळे काम नीट करण्यात सगळ्यांचाच स्वार्थ आहे.

पण कर्ज हे औषध सगळ्यांना चालत नाही हेही बोललं पाहिजे. कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये पेस नावाचा प्रकार आणला, घरावर सोलर किंवा बचतीचं काम करा आणि त्याची फेड प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातून करा. कल्पना हुशार होती. पण काम विकणारा आणि कर्ज लावून देणारा दारावर येणारा काँट्रॅक्टर एकच, आणि घेणाऱ्याची फेडायची ऐपत आहे का हे धड तपासलंच जात नव्हतं. म्हातारी, कमी उत्पन्नाची माणसं टॅक्सच्या थकबाकीत अडकली, घर जायची वेळ आली. ऐपत तपासायची सक्ती करणारे कायदे २०१७ मध्ये आले, म्हणजे नऊ वर्षांनी. हे पहिल्या दिवशी लिहिता आलं असतं.

कॅलिफोर्नियाचाच प्रपोझिशन ३९ मला जास्त वेळ देण्यासारखा वाटतो कारण त्यात चांगलं आणि वाईट दोन्ही शेजारी शेजारी दिसतं. अनेक राज्यांत धंदा करणाऱ्या कंपन्यांना टॅक्स मोजायची दोनपैकी सोयीची पद्धत निवडायची मुभा होती, २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी थेट मतदान करून ती बंद केली आणि त्यातून येणाऱ्या पैशातला निम्मा, वर्षाला ५५ कोटी डॉलरपर्यंत, पाच वर्षं क्लीन एनर्जीच्या कामाला ठेवला. त्यातला बहुतेक पैसा सरकारी शाळांना गेला. वर्गातल्या जुन्या ट्यूब काढून एलईडी, छतावरचे वीस-पंचवीस वर्षं जुने एसीचे डबे बदलणं, सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वर्गात एसी चालू राहू नये म्हणून प्रोग्रॅम होणारे थर्मोस्टॅट. अट अशी की प्लॅन मंजूर व्हायचा तर खर्चाच्या प्रत्येक डॉलरमागे निदान १.०५ डॉलरचा फायदा दाखवायचा. शाळेचं बिल कमी झालं की तो पैसा शाळेतच राहतो, शिक्षकाला, पुस्तकांना. याहून चांगला वापर मला सुचत नाही.

मग २०१५ मध्ये बातमी आली की वर्षाला ११,००० नोकऱ्या सांगितल्या होत्या आणि तीन वर्षांत मिळून १,७०० झाल्या, तोपर्यंत शाळांना दिलेल्या पैशातला निम्म्याहून जास्त सल्लागार आणि ऑडिटरकडे गेला, आणि ज्या नागरिक देखरेख मंडळाने हे बघायचं त्याची तोपर्यंत एकही बैठक झाली नव्हती. विरोधकांनी म्हटलं सगळा फसवा प्रकार. मी तसं म्हणणार नाही. कुठला एसी आधी बदलायचा हे मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून सुरुवातीला ऑडिटवर खर्च होणारच, आणि शाळा सुरू असताना छत उघडता येत नाही, कामं उन्हाळ्याच्या सुट्टीतच होतात, त्यामुळे उशीरही होणार. चूक दोन ठिकाणी होती. नोकऱ्यांचा आकडा सांगून मतं मागितली, जे बचतीच्या कायद्याने कधीच करू नये, कारण त्याचं यश युनिटमध्ये मोजायचं असतं. आणि देखरेख मंडळ बसायच्या आधी पैसा वाटायला सुरुवात केली. त्या मंडळाची पहिली बैठक झाल्याशिवाय पहिला चेक निघणार नाही, एवढं एक वाक्य कायद्यात असतं तर ही वेळ आली नसती.

ओहायोत जे झालं ते मात्र चुकीच्या पलीकडचं. २००८ च्या कायद्याने तिथे वीज कंपन्यांना २०२५ पर्यंत २२ टक्के बचतीचं लक्ष्य दिलं होतं. २०१९ मध्ये हाउस बिल ६ नावाचं विधेयक आलं, क्लीन एअरचं नाव पुढे करून, आणि आत काय होतं तर दोन अणुवीज केंद्रांना ग्राहकांच्या बिलातून एक बिलियन डॉलरहून जास्त मदत, दोन जुन्या कोळशाच्या केंद्रांनाही मदत, रिन्यूएबलचं लक्ष्य कमी, आणि बचतीचे कार्यक्रम २०२० च्या अखेरीला बंद. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. पुढच्या वर्षी एफबीआयने तिथल्या हाउसचे स्पीकर लॅरी हाउसहोल्डर यांना अटक केली, साधारण ६ कोटी डॉलरच्या लाचेचं प्रकरण, २०२३ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं आणि २० वर्षांची शिक्षा झाली. फर्स्टएनर्जी कंपनीने २३ कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. अणुकेंद्रांची मदत नंतर रद्द झाली, पण बंद केलेलं बचतीचं बंधन काही परत आलं नाही. लाच देणारा पकडला गेला आणि त्याने मोडलेली गोष्ट मोडलेलीच राहिली, हे मला शिक्षेच्या बातमीपेक्षा जास्त टोचतं.

आता खरा आक्षेप, आणि तो हलका नाही. बिलावर चार्ज लावला म्हणजे बिल वाढतं, आणि गरिबाच्या उत्पन्नात बिलाचा वाटा मोठा असतो, म्हणून त्याला जास्त लागतं. मॅसॅच्युसेट्सने २००८ मध्ये देशातला सगळ्यात धाडसी कायदा केला, जी बचत विजेपेक्षा स्वस्त पडते ती सगळी करायचीच, आणि तो मास सेव्ह कार्यक्रम वाढत वाढत २०२५ ते २०२७ च्या तीन वर्षांसाठी ५ बिलियन डॉलरपर्यंत गेला. २०२४-२५ च्या हिवाळ्यात गॅस आणि विजेची बिलं बघून लोक हबकले, बिलाची फोड केली तर त्यात हा चार्ज दिसला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये नियामक विभागाने ५० कोटी डॉलर कापायला लावले. लोकांचा राग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ज्याचं स्वतःचं घर आहे, हातात पैसा आहे, तो रिबेट घेऊन हीट पंप बसवतो, आणि भाड्याने राहणारा तोच चार्ज भरतो पण त्याला काही मिळत नाही, कारण बिल भाडेकरूचं आणि भिंत घरमालकाची, घरमालक कशाला खर्च करेल?

याचं उत्तर चार्ज काढून टाकणं हे नाही, पैसा आधी कुणाकडे जाणार हे कायद्यात टक्केवारीने लिहिणं हे आहे. व्हर्जिनियाने २०२० मध्ये ते केलं, रेजीच्या लिलावातल्या पैशाचे ५० टक्के कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांतल्या बचतीसाठी आणि ४५ टक्के पुराच्या तयारीसाठी. न्यू यॉर्कच्या २०१९ च्या कायद्याने निदान ३५ टक्के फायदा मागे पडलेल्या वस्त्यांना मिळालाच पाहिजे असं घातलं. आकडा लिहिलेला असला की भांडता येतं. भाड्याच्या घरांसाठीही असाच वेगळा वाटा हवा, आणि त्या घरमालकाला पैसा देताना काही वर्षं भाडं वाढवायचं नाही ही अट हवी.

शिवाय एक अडचण अशी आहे जी कायदा लिहिणाऱ्यांना सहसा माहीतच नसते. छप्पर गळत असेल, भिंतीला बुरशी असेल, वायरिंग शंभर वर्षं जुनं आणि उघडं असेल तर त्या घरात इन्सुलेशन घालता येत नाही, ते धोक्याचं असतं, म्हणून तपासणीला आलेली टीम फॉर्मवर शेरा मारून परत जाते. म्हणजे ज्यांचं घर सगळ्यात वाईट, त्यांनाच मदत नाही. पेन्सिल्व्हेनियाने २०२२ मध्ये होल-होम रिपेअर्स नावाची योजना केली, १२.५ कोटी डॉलर, आधी घर दुरुस्त करा म्हणजे मग बचतीचं काम करता येईल, आणि दोन्ही पक्षांच्या आमदारांनी तिला मत दिलं. काउंटी काउंटीत अर्जांचा ढीग लागला. पण तो पैसा करोना काळात केंद्राने दिलेल्या मदतीतून आला होता, एकदाच मिळणारा, त्यामागे दर वर्षी येणारा स्रोत नव्हता. योजना इतकी बरोबर आणि पैशाची सोय इतकी कच्ची.

म्हणून ज्या ज्या राज्यात असं विधेयक येईल तिथे राहणाऱ्यांनी, आणि त्यात आपली बरीच मराठी माणसंही आहेत, कमिटीच्या सुनावणीला किंवा आमदाराच्या ऑफिसात फोन करून मेगावॉट विचारत बसू नये. विचारायचं ते हे की पैसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून जाणार का बाहेरून, तिजोरीतून जाणार असेल तर तो वळवायला विधिमंडळात साध्या बहुमतापेक्षा जास्त मतं लागतील का, वळवलाच तर त्या वर्षी चार्ज आपोआप थांबेल का, कमी उत्पन्नाच्या आणि भाड्याच्या घरांना किती टक्के, आणि छप्पर गळणाऱ्या घराचं काय. चार्ज आपोआप थांबवायचं कलम माझ्या मते सगळ्यात जरुरीचं आहे, कारण त्यामुळे पैसा उचलणाऱ्याला तो उचलून काही फायदाच राहत नाही, पुढच्या महिन्यापासून येणंच बंद. असं कलम घालायला एक डॉलरही लागत नाही, आणि विधेयक कमिटीत असतानाच ते घालून घ्यावं लागतं, कारण एकदा पैसा जमा व्हायला लागला की मग ते घालायला कुणीच तयार होत नाही.